निळ्यावर उचला

आमचे हे, म्हणजे तोआन घड्याळवाले, सगळं करतील, पण चुकलो म्हणणार नाहीत. गेल्या पावसाळ्यात दुकानाच्या दाराला राखाडी रंग द्यायचा म्हणून बाजारात गेले आणि भडक निळ्या रंगाचा डबा घेऊन आले. भर दुपारी घामाघूम होऊन दार रंगवलं, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि मला म्हणाले, "राखाडी रंग कसा शांत वाटतो, बघ." मी मनात म्हटलं, वा! पडलो तरी नाक वर. चुकीचा डबा उचलला हे कबूल करण्यापेक्षा निळ्यालाच राखाडी म्हणतायत. मी वाद घातला नाही. आमच्या गल्लीत त्यांचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे बाकीचेही गप्प बसले.

आमच्या घरात दुकान पुढे आणि चूल मागे. मध्ये भिंत नाही, एक कपाट आहे. कपाटाच्या अलीकडे ते भिंतीवरची जुनी फ्रेंच घड्याळं दुरुस्त करतात, पलीकडे मी मातीच्या मडक्यांत मासे शिजवून विकते. तेतचा, म्हणजे नव्या वर्षाचा, सण जवळ आला की आमच्या नाम दिन्ह शहरातली अर्धी घरं माझ्याकडून मडकं नेतात, आणि उरलेली अर्धी ह्यांच्याकडे घड्याळ आणतात. सणाला घर झाडतात, पितरांचं देवघर पुसतात, तेव्हा देवघराच्या वर टांगलेलं घड्याळ बंद आहे हे त्यांच्या ध्यानात येतं.

माझ्या माशाला रंग येतो तो जाळलेल्या साखरेचा. साखर पातेल्यात वितळते, पिवळी होते, मग मधासारखी, मग तांबूस, आणि मग एका श्वासात काळी. काळी व्हायच्या आधी उतरवायची. नुसती वेळेवर नाही, वेळेच्या किंचित आधी, कारण खाली उतरवल्यावरही तापलेलं पातेलं साखरेला पुढे ढकलत राहतं. आता गोष्ट अशी की, लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी सायकलवरून पडले आणि माझं उजवं मनगट अधू झालं. जड पातेलं मला झटकन उचलता येत नाही. तेव्हापासून मी रंगावर नजर ठेवते आणि वेळ आली की ओरडते, "उचला!" हे हातातलं काम टाकून येतात आणि पातेलं उतरवतात. नातवंडं म्हणतात, आजोबा झोपेत असले आणि आजी 'उचला' म्हणाली, तर ते उशी उचलतील.

ह्यांचं कामही रंगाचंच. घड्याळाला चावी दिली की आत मोठी कमान गुंडाळली जाते. ती उलटी सुटू नये म्हणून एका दातेरी चाकात खटका अडकतो, आणि तो खटका दाबून धरायला नखाएवढी एक स्प्रिंग असते. ती ढिली पडली की खटका निसटतो आणि सगळी कमान एका झटक्यात उलगडते. ह्या जुन्या घड्याळांचे सुटे भाग आता मिळत नाहीत, म्हणून अशा स्प्रिंगा हे स्वतः करतात. तुटक्या कमानीचा तुकडा कापायचा, कानशीने घासून आकार द्यायचा, लालभडक तापवून तेलात सोडायचा. तेलातून निघालेली स्प्रिंग काचेसारखी असते, वाकवली की तुटते. मग ती घासून चकचकीत करायची, पितळेच्या भुशावर ठेवायची आणि छोट्या तव्यात पुन्हा हलकेच तापवायची. पोलाद आधी गवतासारखं पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, मग गडद निळं. निळ्यावर उचलली की स्प्रिंग वाकते आणि परत उभी राहते. तपकिरीवर उचलली तर तुटते. निळा ओलांडून फिकी पडू दिली, तर कायमची मऊ.

वर्षभर ह्यांच्या स्प्रिंगा परत येत होत्या. सगळ्या मऊ.

"हल्लीचं पोलादच भेसळीचं," हे म्हणायचे. "कितीही तापवा, निळं म्हणून होत नाही. आपलं अंदाजानं काढावं लागतं."

"अहो, पण पोलाद तर तुम्ही जुन्याच घड्याळांतलं काढता ना?"

"तू मासे शिजव."

नाचता येईना, अंगण वाकडं. मी मासे शिजवले.

लग्नसराई सुरू झाली आणि एका सकाळी लाम घड्याळ काखोटीला मारून आला. लाम ह्यांचा लहानपणापासूनचा मित्र. पूर्वी बस चालवायचा, त्यामुळे बोलतो तेही इंजिनाच्या वर आवाज चढवून. त्याच्या उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

"वहिनी, तुमच्या नवऱ्याला मी घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं," तो दारातूनच गरजला, "उंदराचा सापळा करून मागितला नव्हता!"

"काय झालं?"

"चावी देत होतो. खटका सुटला आणि चावी अशी गरकन फिरली की नख गेलं माझं."

"हिसका मारला असशील," हे भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "घड्याळ आहे ते, बसचा गिअर नव्हे."

"तोआनदादा, चेष्टा पुरे. माझ्या नातीला, दिएपला, न्यायला मुलाकडची मंडळी रविवारी येतायत. मुहूर्त नऊचा काढलाय. माझी बायको ह्या घरात आली ती ह्याच घड्याळाच्या टोल्यांवर. आज ती असती तर तिनंच चावी दिली असती. नात उंबरा ओलांडताना घड्याळ वाजलं पाहिजे. होणारा नातजावई म्हणतो, मोबाइल वाजवू. मी त्याला म्हटलं, मोबाइलवर लग्न करायचं असेल तर मोबाइलशीच कर."

हे हसले, पण लाम गेला तशी बाकीची सगळी घड्याळं बाजूला सारली. मग नवी स्प्रिंग करून बसवली. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत होतो. वाटी तोंडाला लावली आणि दुकानातून धाडकन आवाज आला. लामचं घड्याळ बाकावर थरथरत होतं. आतली कमान पुन्हा उलगडली होती. दाते वाचले हे नशीब.

ह्यांनी वाटी खाली ठेवली. "आणखी एकदा करतो," ते म्हणाले. "लामसाठी. ती बसली नाही, तर हत्यारं पेटीत आणि पेटी माळ्यावर. लोकांची बोटं मोडायला मी दुकान उघडलेलं नाही."

मला भीती वाटली. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक घड्याळवाले होते. त्यांनी असंच एक दिवस दुकान मिटलं. चांगला धडधाकट माणूस, पण टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसला तो बसलाच. पुढे पुढे बायकोने हाक मारली तरी मान वळवेना. माझ्या माणसाला मी त्या खुर्चीत बघू शकत नव्हते. हे भांडतात, खोटं रेटतात, माझ्या माशात मीठ जास्त म्हणतात, पण ते सगळं बाकावर बसून.

लग्नाच्या आदल्या गुरुवारी लामने चहाला बोलावलं. दिएपने कपडे दाखवायला आणले. बाकीच्या मुली लाल शिवतात, हिने हट्टाने निळा झगा शिवून घेतला होता, गळ्यापाशी चांदीच्या जरीची कमळं. रेशीम असं की, हात लावायलाही संकोच वाटावा.

"तोआन आजोबा, कसा आहे?" तिने विचारलं.

ह्यांनी कापड बोटांत घेतलं, उजेडाकडे धरलं. "कापड उत्तम. पण पोरी, लग्नात कुणी मातकट रंग घालतं का? दुखवट्याचं वाटतं."

दिएपच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाम घाईघाईने म्हणाला, "अगं, चेष्टा करतोय तो, त्याला सवयच आहे," आणि चहा ओतताना निम्मा बशीत सांडला.

मी एरवी तिथल्या तिथे ह्यांना झापलं असतं. पण माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती. चेष्टा करताना ह्यांची डावी भिवई वर जाते. ती जागची हलली नव्हती. त्यांना तो झगा खरंच मातकट दिसत होता.

घरी येताना ते मोटरसायकल चालवत होते आणि मी मागे बसून एकेक गोष्ट जुळवत होते. दार. एक मोजा निळा आणि एक तपकिरी घालून बाहेर पडणं. 'हल्ली आभाळ स्वच्छ म्हणून नसतं,' ही रोजची तक्रार. आणि पोलाद! पोलाद कसं निळं होत नाही? होत होतं. रोज होत होतं, ह्यांच्या नाकासमोर. ह्यांना ते दिसत नव्हतं. हे बिचारे तव्यावर निळ्याची वाट बघत बसत, आणि निळा येऊन निघूनही गेलेला असे.

माझ्या बहिणीला मोतीबिंदू झाला होता, तेव्हा तीही म्हणायची की सगळ्या जगावर कुणीतरी चहा सांडलाय. पण ह्यांना हे सांगायचं कसं? डोळ्याने दगा दिला असं कळलं असतं, तर तिसरी स्प्रिंग करायलाही बसले नसते. पेटी त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली असती. म्हणून मी जरा आडून गेले.

"उद्या मी बघू का हो तुमच्या तव्यात? सहज."

"का? भूक लागलीय?"

"रंग बघते म्हटलं."

"सत्तरीला आलो. रंग बघायला आता तू शिकवणार? तू मासे शिजव."

बरं, म्हटलं. मासे शिजवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्प्रिंग घासली, तेलात सोडून कडक केली, चकचकीत पुसली. ते पितळेचा भुसा तव्यात घालायला लागले तशी मी चुलीवर साखर चढवली. दोन किलो साखर, चांगली जाड बुडाच्या पातेल्यात. माझी चूल, माझी साखर, मला तिथे उभं राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. कपाटाच्या कडेवरून मला त्यांचा तवा दिसत होता. सांडशीत धरलेला तवा निखाऱ्यांवर हळूहळू फिरवत ते वाकून बसले होते, श्वास रोखून.

माझी साखर पिवळी झाली. त्यांची स्प्रिंग पिवळी झाली. माझी मधासारखी, त्यांची तपकिरी. मग त्यांच्या स्प्रिंगच्या टोकाला जांभळा चढला आणि सरकत सरकत दुसऱ्या टोकाकडे निघाला. माझ्या पातेल्यातून धूर यायला लागला. मी तिकडे बघितलं नाही. जांभळ्याच्या मागून निळा आला, दिएपच्या झग्यासारखा, आणि हे तसेच वाट बघत बसलेले. जरासा आधी, मी मनात म्हटलं, तवा पुढे ढकलणार आहे, जरासा आधी.

"उचला!"

हाताने आधी ऐकलं, कानाने मग. तवा झटकन वर आला, स्प्रिंग तेलात पडली आणि हे उठून माझ्या पातेल्याकडे धावले. पातेलं उतरवून आत डोकावले.

"अगं, ही तर कोळसा झाली! इतका उशीर?"

"पातेलं नव्हे. तुमचं म्हणत होते मी. तव्यातलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग जे काही तापले! "माझी स्प्रिंग? तपकिरीवर काढायला लावलीस? कच्ची! उद्याच्या उद्या तुटेल! लामच्या नातीचं लग्न आहे की पोरखेळ?"

"वाकवून बघा."

"काय बघायचंय? तुटणार."

"तुटली तर दोन किलो साखर तुमच्या डोक्यावर ओता, मी हूं की चूं करणार नाही. वाकवा आधी."

त्यांनी पकडीत धरून वाकवली. स्प्रिंग वाकली आणि टणकन परत आली. पुन्हा वाकवली, जास्त. पुन्हा परत आली. बोटाने दाबून धरली, सोडली, तिचा आवाज ऐकला. घरभर जळक्या साखरेचा कडू वास भरला होता आणि हे एवढीशी स्प्रिंग तळहातावर घेऊन उभे होते.

"तुला कशी दिसतेय?" त्यांनी हळूच विचारलं.

"निळी. आपल्या दारासारखी."

"आपलं दार राखाडी आहे."

"दार निळं आहे हो."

ते तडक बाहेर गेले. समोरून भाकरीवाली बाई सायकल ढकलत चालली होती. ह्यांनी तिला थांबवलं. "बाई, ह्या दाराचा रंग कोणता?"

"निळा की!" ती म्हणाली. "लोक पत्ता विचारतात तर मी निळ्या दाराचं दुकान म्हणूनच सांगते. का, खरवडायचंय का? बरं होईल, फार भडक आहे."

हे आत येऊन बाकावर बसले. मी साखरेचं पातेलं तसंच टाकून त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"म्हणजे दिएपचा झगा..."

"निळा. सुंदर आहे."

"आणि वर्षभरातल्या स्प्रिंगा..." त्यांनी हातातली स्प्रिंग बाकावर ठेवली. "संपलं म्हणायचं माझं काम."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "संपलं कसं? ही कुणी केली? मी कापली? मी घासली?"

"अर्धी तू केलीस."

"बरं, अर्धी मी केली. मग माझं पातेलं इतकी वर्षं कोण उतरवतंय? निम्मे मासे तुमचेच की! तेव्हा मी म्हणाले का कधी, की मनगट गेलं, माझं काम संपलं, आता मडकी माळ्यावर? डोळे गेलेले नाहीत तुमचे. मोतीबिंदू आलाय. तो काढतात. माझ्या बहिणीचा काढला, आता ती माझ्या केसांतली पांढरी बट न् बट मोजून दाखवते."

"भीती वाटते गं मला," ते म्हणाले. "डोळ्यात सुरी घालतात."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांचा हात धरला. मग त्यांनी हात सोडवला, भिंग डोळ्याला लावलं आणि स्प्रिंग खटक्यावर बसवायला घेतली. नाकाने हुंगून म्हणाले, "साखरेचे पैसे मी देणार नाही."

रविवारी लामच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. लामने फडक्याचा अंगठा बाजूला ठेवून, देवाला फूल वाहावं इतक्या हलक्या हाताने चावी दिली. सगळी चावी बसली. खटका एकेका दातावर टकटक करत चढला आणि धरून राहिला. दिएप निळा झगा घालून पितरांच्या देवघरासमोर उभी होती. हे गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेले.

"पोरी, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं," ते म्हणाले. "मला रंग नीट दिसत नाही. पण बायको म्हणते सुंदर आहे, आणि तिचा डोळा पक्का आहे."

मला वाटलं आता घड्याळाऐवजी मीच रडायला लागते. चुकलं म्हणाले! सगळ्यांसमोर! लाम तर तोंड उघडं टाकून बघत राहिला. तेवढ्यात वर काहीतरी खरखरलं आणि पहिला टोला पडला. दिएपने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि घड्याळ नऊ टोले पुरे होईपर्यंत वाजत राहिलं. लाम भिंतीकडे तोंड करून उभा होता. अंगठ्याचं फडकं डोळ्यांना लावत होता.

तेत झाल्यावर आम्ही इस्पितळात गेलो. आमची लेक बरोबर होती, पण आत जाईपर्यंत ह्यांनी हात माझा धरला होता. आधी एक डोळा, मग काही आठवड्यांनी दुसरा. पट्टी काढून घरी आलो तर मोटरसायकलवरून उतरता उतरता हे गल्लीत थबकले.

"बाप रे! कुणी रंगवलं हे असलं दार?"

"एक शहाणे होते. राखाडी म्हणून रंगवलं."

शेजारपाजारचे हसून हसून वाकले. हेही हसले. मला वाटलं रंग बदलतील, पण दार अजून तसंच आहे. म्हणतात, पत्ता सांगायला बरं पडतं.

मग त्यांनी वर्षभरात दुरुस्त केलेल्या प्रत्येक घराची फेरी सुरू केली. घड्याळ उघडायचं, फिकी पडलेली स्प्रिंग काढायची, नवी बसवायची. लोक विचारत, चाललंय तर कशाला उघडता? हे सांगत, "मी चुकलो होतो म्हणून." एकदा ते वाक्य जमलं तर आता दिवसातून चारदा म्हणतात. कधी कधी मला वाटतं पूर्वीचे बरे होते.

ह्या फेरीची पहिली स्प्रिंग त्यांनी लामच्याच घड्याळासाठी करायला घेतली होती, टोल्यांच्या कमानीची. तिथली जुनी स्प्रिंगही त्याच वर्षातली. मी चुलीशी होते. ठरवलं होतं की आता तोंड उघडायचं नाही. ह्यांना स्वच्छ दिसतं, त्यांचं काम त्यांना करू द्यावं. मी कपाटाच्या कडेवरून गुपचूप बघत होते. पिवळा आला, तपकिरी आला. जांभळा सरकत टोकाला पोचला. निळा आला. तवा जागचा हलेना. निळा गडद झाला. म्हणजे दिसतच नाही ह्यांना! एवढं सगळं करून काहीच उपयोग झाला नाही!

"उचला!"

तवा तत्काळ वर आला. त्यांनी स्प्रिंग तेलात सोडली आणि माझ्याकडे वळले. डावी भिवई वर गेलेली होती.

"किती उशीर! आणखी जरा थांबली असतीस, तर गेली असती वाया."

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं?"

"लख्ख."

"मग उचलली का नाहीत?"

"तू म्हणाली नाहीस ना," ते म्हणाले, आणि स्प्रिंग पुसायला लागले.